काजव्यांच्या गावात पाणी कुणाचं, वाट कुणाची?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. भंडारदऱ्याच्या जलाशयामागच्या एका वाडीत मी मुक्कामाला होते. रात्री उशिरापर्यंत काजवे पाहिले, ओट्यावर घोंगडी अंथरून झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास भांड्यांच्या आवाजानं जाग आली. घरची सून दोन हंडे आणि कळशी घेऊन विहिरीकडे निघाली होती. मीही तिच्या मागोमाग गेले. विहिरीवर सात-आठ बाया आधीच बसलेल्या. तळाशी झऱ्याचं पाणी हळूहळू साठत होतं. एकजण खाली उतरून वाटीनं ते पाणी भांड्यात भरायची, वरची दोरीनं ओढून घ्यायची, आणि मग पुढचीचा नंबर. सुनेनं मला सहज सांगितलं, "पाहुणे असले की एक खेप जास्त पडते, ताई." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आदल्या संध्याकाळी प्रवासानं अंग चिकट झालं म्हणून मी भरलेल्या बादलीनं आंघोळ केली होती. ते पाणी कुठून आलं, हे मी विचारलंही नव्हतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या या पश्चिम भागाला डांगाण म्हणतात. घाटघर, रतनवाडी, साम्रद या गावांवर पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. तेव्हापासून इथलं पाणी कालव्यांनी खालच्या सपाटीवर जातं, तिथला ऊस पिकवतं. डोंगरउतारावरच्या वाड्यांना मात्र त्यातलं फार थोडं मिळतं, कारण पाणी खाली आणि वस्ती वर. काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही. पावसात धबधबे कोसळतात आणि होळी झाली की विहिरी तळ दाखवू लागतात. काजव्यांचा हंगाम येतो तो नेमका याच टंचाईच्या टोकाला, वळवाचे दोन-चार सडाके पडून गेल्यावर आणि मृग लागण्याच्या आगेमागे. म्हणजे वाडीत पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हाच पाहुणे सगळ्यात जास्त असतात. पर्यटनाबद्दल इतकं बोललं जातं, पण हे दोन हंगाम शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

माझं म्हणणं असं. खेड्यातल्या घरी राहून, गावच्या माणसाबरोबर रान तुडवण्याचं पर्यटन वाढलंच पाहिजे. ते बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी नाही. पण किती माणसांनी यायचं, केव्हा यायचं, कोणत्या वाटेनं जायचं आणि त्याचं मोल काय, हे ठरवण्याचा हक्क त्या वाडीच्या ग्रामसभेकडे असला पाहिजे. आज तो कुणाकडेच नाही. तो शनिवारी दुपारी पुण्या-मुंबई-नाशकातून निघणाऱ्या गाड्यांच्या संख्येवर सोडलेला आहे.

काजव्याचंच पाहा. झाडावर लुकलुकताना आपल्याला दिसतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा, जेमतेम काही आठवड्यांचा तुकडा. त्याआधी तो कित्येक महिने अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्यात असतो आणि गोगलगायींवर जगतो. पंख फुटल्यावर त्याला एकच काम उरतं, जोडीदार शोधायचा. तो प्रकाश म्हणजे नराची हाक आणि मादीचा होकार. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे जमतात आणि कधीकधी आख्खं झाड एका लयीत पेटतं-विझतं. ते पाहिलेला माणूस आयुष्यभर विसरत नाही, म्हणून लोक येतात, आणि यावंच. पण गाडीच्या दिव्यांचा झोत त्या झाडावर पडला की ती हाक पोचत नाही. शनिवारी रात्री जलाशयाभोवतीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. मोबाइलच्या टॉर्च, हॉर्न, कुठे स्पीकर. झाडाखालच्या ज्या मातीत पुढच्या वर्षीचे काजवे वाढायचे, ती चाकांखाली घट्ट होते. रात्री दोनला गाड्या परततात. मागे बाटल्या, वेफर्सची पाकिटं आणि गावाच्या हाती पार्किंगचे पैसे.

या गर्दीत आणि घरी मुक्कामाला आलेल्या माणसात मोठा फरक आहे, आणि सगळ्याच चर्चेत तो पुसला जातो. 'पर्यटक' या एकाच शब्दात दोघांनाही बसवलं जातं. मुक्कामाचा पाहुणा कुणाच्या तरी घरचा असतो. त्यानं झाडावर टॉर्च मारली तर दुसऱ्या दिवशी शेजारी त्या घरच्या म्हाताऱ्याला विचारतात, "तुमचे पाहुणे का ते?" त्या एका प्रश्नाचा धाक फलकावरच्या दंडाच्या रकमेपेक्षा मोठा असतो. गाडीतून आलेला, गाडीतच खाल्लेला आणि गाडीतूनच परतलेला माणूस कुणाचाच नसतो, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. दुसरं असं की घराला आपोआप मर्यादा असते. पडवीत किती अंथरुणं मावतात, चुलीवर किती भाकरी होतात, विहिरीवरून किती हंडे आणता येतात, हे ठरलेलं आहे. तंबूंना अशी मर्यादा नाही. मोकळं रान दिसलं की आणखी वीस ठोकता येतात, आणि ते ठोकणारा बहुतेक वेळा गावचा नसतो.

घर हीच मर्यादा मानून चाललेलं एक गाव आपल्याकडे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणवीसांच्या घराण्याचं मूळ गाव म्हणून पूर्वी ओळखलं जायचं, आता कासवांसाठी ओळखलं जातं. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि माणसांच्याही पोटात जायची. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं, गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. काही वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला. गावात हॉटेल नव्हतं, म्हणून लोक घराघरांत राहू लागले. जेवायला घरात जे शिजेल ते. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर दोरीमागे उभं राहायचं आणि पिल्लं समुद्राकडे सरकताना पाहायची. पिल्लू त्या दिवशी निघालं नाही, तर नाही. मला वेळासबद्दल सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट : कासव जगलं तर घरात पाहुणा येतो, हे तिथल्या घरच्या बाईला ठाऊक आहे. काजव्यांच्या गावात हे नातं अजून पक्कं जुळलेलं नाही. काजवा राहिला काय नि गेला काय, पार्किंगचे पैसे या शनिवारी मिळतातच.

साताऱ्याजवळचं कासचं पठार थोडं वेगळं शिकवतं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यातल्या महाराष्ट्रातल्या चारांपैकी ते एक. फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, शुल्क, आणि व्यवस्था पाहणारी आसपासच्या गावांची समिती. मर्यादा घालता येते आणि लोक ती पाळतात, हे कासनं दाखवलं. पण तिथंच पठाराला जाळीचं कुंपणही घातलं गेलं आणि गुरांची ये-जा थांबली. मग चराई नसल्यानं गवत माजतं, फुलांना जागा उरत नाही, असं गावचे लोक म्हणू लागले, काही अभ्यासकही म्हणू लागले, आणि अखेर ते कुंपण काढावं लागलं. पिढ्यान् पिढ्या त्या पठारावर गुरं चारणाऱ्याला आधी विचारलं असतं, तर काही हंगाम वाचले असते. म्हणून संख्या मोजायचं काम समितीकडे देऊन भागत नाही. काय करायचं आणि काय नाही, हे ठरवण्यातही गाव हवं.

यासाठी नवा कायदा लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि तिचं व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिलेला आहे. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात ग्रामसभेनं वनात कुणी, कसं जायचं याचं नियमन करावं आणि वन्यप्राण्यांना, जंगलाला, जैवविविधतेला घातक ठरेल ते थांबवावं, असं म्हटलं आहे. हा कायदा अभयारण्यातही लागू आहे, म्हणजे १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातही. डांगाणातली आदिवासी गावं पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात येतात, आणि राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार एखाद्या पाड्यालासुद्धा स्वतःची वेगळी ग्रामसभा मिळवता येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवले आणि बांबू कधी, कसा तोडायचा हे गावानं एकत्र बसून ठरवलं. बांबूचं ठरवता येतं, तर काजव्यांच्या झाडाखाली रात्री किती माणसं न्यायची हेही ठरवता येईल. पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात हाच आग्रह धरला होता, की निर्णय वरून खाली येऊ नयेत, ग्रामसभेतून वर जावेत. त्या अहवालावर वादळ उठलं ते बांधकामांच्या आणि खाणींच्या निर्बंधांवरून. ग्रामसभेचा मुद्दा त्या धुरळ्यात दिसेनासा झाला.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते खरे आहेत.

ग्रामसभा म्हणजे प्रत्यक्षात चार वजनदार माणसं, असं म्हणतात. बऱ्याच गावांत ते खरंही आहे. रस्त्याकाठी ज्याचं घर, त्याच्याकडे पाहुणे. वरच्या आळीतल्या भूमिहीन ठाकराच्या झोपडीपर्यंत कुणी चढत नाही. पाहुण्यांसाठी चार जादा खेपा घालते ती सून, भाकऱ्या थापते ती सून, आणि पैसे ऑनलाइन जमा होतात ते तिच्या नवऱ्याच्या किंवा दिराच्या मोबाइलवर. मी ज्या घरी उतरते तिथंही सुरुवातीला असंच होतं. एका वर्षी मी हिशेबाचे पैसे सुनेच्या हातात दिले, तेव्हा ती आधी गोंधळली, मग तिनं ते दोनदा मोजले आणि पदराला गाठ मारली. दिवसभर ती गाठ तिच्या हाताला लागत राहिली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की मुक्कामाचे पैसे चूल सांभाळणारीच्या नावावर जायला हवेत. पाहुणे पाळीपाळीनं घराघरांत वाटले जायला हवेत. ज्याच्याकडे पाहुणा ठेवण्याजोगं घर नाही, त्याला वाटाड्याच्या कामात पहिली पाळी हवी. महिला सभेनं पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय हंगामातले पाहुणे किती, हे ठरूच नये. ग्रामसभा दुबळी आहे म्हणून तिच्या हाती काही द्यायचं नाही, असं ठरवलं तर ती कधीच सबळ होणार नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. दर पावसाळ्यात धबधब्यांवर, धरणांच्या सांडव्यांवर माणसं वाहून जातात आणि मग जिल्हा प्रशासन जमावबंदीचे आदेश काढतं. आदेश काढणाऱ्यांची अडचण मला कळते. पण बंदीत चहाची टपरीवाली बुडते आणि आडवाटेनं घुसणारा घुसतोच, त्याच्याबरोबर वाट माहीत असलेलं माणूस मात्र नसतं. साम्रदच्या सांदण दरीत पावसाळ्यात कुणी गावकरी पाऊल ठेवत नाही आणि पाहुण्यालाही नेत नाही, कारण वर रतनगडाच्या बाजूला ढग फुटला की दरीत लोंढा यायला किती वेळ लागतो, हे त्याला माहीत आहे. ते त्याला कुठल्या फलकानं शिकवलेलं नाही. गावचा वाटाड्या सोबत असल्याशिवाय रानात जायचं नाही, हा एक नियम काटेकोर पाळला तरी बऱ्याच आया सुखानं झोपतील.

आणि त्या चालण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण माझा सगळा जीव तिथं अडकलेला आहे. मी ज्या वाटाड्या मामांबरोबर जाते, ते पुढे अनवाणी चालतात. मधेच थांबून पायाच्या अंगठ्यानं पाचोळा बाजूला करतात आणि म्हणतात, "रात्री इथं रानडुक्कर होतं." भारंगीचा कोवळा पाला कधी खुडायचा आणि कधी नाही, चाईचा मोहोर भाजीला केव्हा लागतो, कुड्याच्या शेंगांचा कडूपणा कसा घालवायचा, हे सगळं ते चालता चालता सांगतात. बाळहिरडा कोवळा असताना का झोडायचा आणि काही झाडं मुद्दाम का सोडायची, हेही. देवराईच्या कडेला पोचलं की चपला काढायला सांगतात आणि आवाज खाली आणतात. आत पडलेली वाळकी फांदीसुद्धा उचलायची नाही, हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण वाडीतलं पोरही तो मोडत नाही. माणसांनी किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं, याची शिस्त या डोंगरात आधीपासून आहे. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. तसलं ज्ञान इथं घराघरांत आहे, डोक्यांत आहे, आणि त्याला मोल नाही. पाच तास चालून आल्यावर माझ्यासमोर लोकांनी मामांशी शंभर रुपयांसाठी घासाघीस केलेली मी पाहिली आहे. तीच माणसं येताना टोलनाक्यावर निमूट पैसे देऊन आलेली होती.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, आणि शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवायला अधिकृत आधार मिळाला. ही चांगली गोष्ट झाली. पण त्या नावाखाली काय काय उभं राहतंय, तेही उघड्या डोळ्यांनी पाहायला हवं. डोंगरउतारावर जेसीबी लावून सपाट केलेली जागा, निळा तरणतलाव, कृत्रिम पाऊस सोडणारी नाचायची जागा, आणि दारात शोभेची बैलगाडी. मालक शहरातला, ज्याची जमीन होती तो तिथं रखवालदार. तरणतलाव बोअरच्या पाण्यावर भरतो आणि त्याच्या खालच्या अंगाला असलेली वाडीची विहीर दोन आठवडे आधी आटते. नोंदणी देताना खोल्या आणि स्वच्छतागृहं पाहतात, तसं पाणी कुठून घेणार आणि त्या पाण्यावर आधी कुणाचा हक्क आहे, हेही विचारलं पाहिजे. टंचाईच्या महिन्यांत ज्या गावाला टँकर लागतो, त्या गावाच्या हद्दीत तरणतलाव भरायला परवानगी नसावी. यात अवघड काय आहे, मला खरोखर कळत नाही.

आपल्या शहरातल्या माणसांनाही काही सोडून द्यावं लागेल. सगळं एका शनिवारात उरकायची सवय आधी सुटायला हवी. डांगाण भाद्रपदात पाहा. ओढे भरलेले असतात, भात पोटरीला आलेला असतो, सोनकीनं कडे पिवळे झालेले असतात, आणि पडव्या रिकाम्या असतात. तेव्हा हवी तितकी आंघोळ करा. मार्गशीर्षात या, खळ्यावर झोडणी चालू असते आणि नव्या काळभाताचा वास घरभर असतो. काजव्यांसाठीच यायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी या, दोन रात्री राहा, गाडी वाडीबाहेर लावा, अर्ध्या बादलीत भागवा. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी वाढली तर गव्हाची मागू नका, कारण गहू बाजारातून विकत येतो आणि नागली घरची असते.

यंदा मेमध्ये त्या घरी फोन केला. सूनच बोलली. मी शनिवारी येते म्हटलं, तर म्हणाली, "शनिवारी नका येऊ ताई, मंगळवारी या. शनिवारी विहिरीच्या वाटेवर गाड्या लावलेल्या असतात. डोक्यावर हंडा घेऊन त्यांच्या मधून निघता येत नाही."